आजीच्या हातची चव, चार हजार तासांत

तुमच्याकडे जेवायला आलेल्या कुणीतरी बोटं चाटत म्हटलं, "वहिनी, तुम्ही हे यूट्यूबवर का नाही टाकत?" तो माणूस फुकट जेवला होता, काहीतरी चांगलं बोलणं त्याला भागच होतं. पण तुम्ही ते मनावर घेतलंत. रिंगलाइट मागवलात, मोबाइलचा स्टँड मागवलात, आणि आता घरातले सगळे 'बघू या, किती दिवस टिकतंय' अशा नजरेनं तुमच्याकडे पाहताहेत. माघारीची वेळ टळून गेली. तेव्हा पदर खोचा आणि पुढच्या सूचना मुकाट्यानं पाळा.

स्वयंपाक येतो की नाही हा प्रश्न इथे गौण आहे. येत असेल तर थोडी अडचणच होते, कारण ज्याला खरोखर येतं त्याला सहसा सांगता येत नाही. तरी धीर सोडू नका, त्यावरही उपाय आहेत.

१. आधी हिशेब मांडा

जाहिरातींचे पैसे पूर्णपणे सुरू व्हायचे तर यूट्यूबला तुमचे १,००० सबस्क्रायबर लागतात आणि वर्षभरात लोकांनी तुमचे व्हिडिओ मिळून ४,००० तास पाहिलेले असावे लागतात. भागाकार करा. रोज जवळजवळ ११ तास कुणी ना कुणी तुमची आमटी उकळताना बघत बसलं पाहिजे. घरात तीच आमटी खायला कुणी ११ मिनिटं ताटावर टिकत नाही, ते सोडून द्या. दुसरी वाट छोट्या उभ्या व्हिडिओंची. तिथे ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज लागतात. २०११च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. म्हणजे लहान मुलांना सूट देऊन बाकी अख्ख्या मुंबईनं तीन महिन्यांत एकदा तुमची कोथिंबीरवडी डोळ्यांखालून घालायची.

पहिले साठ-सत्तर सबस्क्रायबर लग्नाच्या आमंत्रणांच्या यादीतून मिळतात. प्रत्येकाला फोन करा. ज्यांच्याशी जमिनीवरून बोलणं बंद आहे त्यांनाही करा, चॅनेलच्या निमित्तानं घरं जोडली जातात. बाकीचे नऊशे तीस कुठून आणायचे, त्यासाठी पुढच्या पायऱ्या आहेत.

२. घराणं तयार करा

'पालकाची भाजी' कुणी बघत नाही. 'पणजीच्या माहेरची, वाड्यातल्या चुलीवर रटरटणारी ताकातली पातळ भाजी' बघतात. चॅनेलच्या नावात आजी, माई, माहेर, चूल, वाडा, अंगण यांपैकी निदान दोन शब्द आलेच पाहिजेत. तुमचं बालपण डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये गेलं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त त्याबद्दल बोलू नका. आजोळ प्रत्येकाला असतं. ते कोकणात असेल तर तुमचं नशीब थोर: नारळ, हळदीची पानं आणि पाऊस आयता मिळतो. देशावरचं असेल तर शेंगदाण्याचं कूट आणि विहीर. विदर्भातलं असेल तर पाटोडीचा रस्सा आणि ऊन.

जात सरळ सांगायची नसते. "आमच्याकडे बाई आमटीत गूळ पडतोच" किंवा "आमच्यात वाटण घातल्याशिवाय कालवण होतच नाही" एवढं एक वाक्य सहज बोलल्यासारखं सोडून द्यायचं. आडनाव न सांगता आडनाव बरोबर पोचतं आणि ज्यांना हवं असतं ते खूश होऊन बेल वाजवतात.

३. आजीची नेमणूक करा

स्वतःची असेल तर उत्तम, नसेल तर नवऱ्याची, तीही नसेल तर सोसायटीत चौकशी करा. नऊवारीतली मिळाली तर सोन्याहून पिवळं. पण हल्लीच्या आज्या गाउनवर ओढणी टाकून दार उघडतात, तेव्हा एक इरकल घरात धुऊन ठेवा. आजीनं उजवीकडे बसायचं, अधूनमधून मान हलवायची आणि शेवटी "छान झालंय गं" म्हणायचं. कृती तुम्ही सांगायची. ती आजीवर सोपवलीत तर काय होतं पाहा.

"आजी, हा गोडा मसाला तुझ्या आईकडून आलाय ना गं?"

"छे! माझी आई कुठला करायला बसली. आम्ही बाजारातून आणत होतो."

"बरं, सांदणं? सांदणं तरी माहेरची?"

"सांदणं मी लग्नानंतर शिकले. रुचिरात बघून."

कट.

ही अडचण तुमच्या एकटीची नाही. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं, वाटी-चमच्याच्या मापात बोललं आणि नव्या नवरीच्या सामानातून घरोघरी गेलं. तुमची आजी तेव्हा विशी-पंचविशीची होती. तिनं पुस्तक उघडून सांदणं केली, सासरच्यांनी वाखाणली, पुढे पुस्तक माळ्यावर गेलं आणि सांदणं घराण्याची झाली. त्याच्याही आधी लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र' १९१० साली आलेलं होतं, आणि त्याच्याही आधी १८७५ साली 'सूपशास्त्र'. एकूण काय, छापील पाककृती मराठी घरात शिरून दीडशे वर्षं होत आली. ही माहिती व्हिडिओत अजिबात येऊ देऊ नका.

पुस्तकातली वाक्यं मात्र जशीच्या तशी वाचू नका. शब्दांवर लिहिणाऱ्याचा हक्क असतो. नुसत्या साहित्याच्या यादीवर नसतो. तेव्हा यादी घ्या, शब्द बदला आणि प्रत्येक तिसऱ्या वाक्याला "आजी नेहमी म्हणायची" असं जोडा. आजी शेजारी बसली असेल तर ती चमकून तुमच्याकडे बघेल. तेही कापा.

४. माप वसूल करा

वर्षानुवर्षं रांधणाऱ्या बाईचं माप तिच्या हातात असतं, तोंडात नसतं. सासूबाईंना विचारून बघा.

"आई, मीठ किती घातलंत?"

"घातलं की."

"हो, पण किती?"

"लागेल तेवढं."

"चमचा तरी सांगा ना."

"चमचा कशाला? हातानं घातलं."

म्हणून डिजिटल काटा आणा. सासूबाईंची मूठ आणि पातेलं यांच्या मध्ये चपळाईनं एक वाटी सरकवा. जिन्नस वाटीत पडला की काट्यावर ठेवा, आकडा टिपा, मग पातेल्यात ओता. दुसऱ्या जिन्नसाला सासूबाई वैतागतील, तिसऱ्याला फोडणी जळेल, चौथ्याला त्या "तूच कर बाई" म्हणून हॉलमध्ये जाऊन बसतील. त्या क्षणापासून ती कृती खऱ्या अर्थानं तुमची झाली.

तांदळाच्या वर बोटाचं एक पेर पाणी, हे माप घरोघरी बिनचूक चालत आलं आहे. तरी ते सांगू नका, लोक "कुठल्या बोटाचं?" असं विचारतात. सगळं वाटीत सांगा. वाटी कुठली ते मात्र गुलदस्त्यात ठेवा. प्रत्येक घरात आमटीची, चटणीची, लग्नात आलेली आणि कुणाच्या तरी डब्यातून चुकून राहून गेलेली अशा चार आकारांच्या वाट्या असतात. पदार्थ बिघडला तर वाटी त्यांची होती.

५. देखावा उभा करा

चुलीवरचं म्हणायचं तर चूल हवी. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत ती पेटवून बघा. आधी डोळ्यांत धूर येतो, मग बेल वाजते आणि दारात सोसायटीचे सेक्रेटरी येतात. त्यापेक्षा चूल मागे शोभेला ठेवा, तिच्यात दोन गोवऱ्या खोचा, पुढे गॅसवर पातेलं चढवा आणि कॅमेरा इतका जवळ घ्या की शेगडी दिसता कामा नये.

पितळेची भांडी पडद्यावर फार देखणी दिसतात. कल्हई नसलेल्या पितळेत चिंचगुळाची आमटी ठेवली की ती कळकते, हे घरातली कुणीही म्हातारी सांगेल. पण कळकलेलं जिभेला समजतं, कॅमेऱ्याला समजत नाही. कल्हईवाला शोधत फिरण्यात वेळ घालवू नका. आमटी ओतून द्या आणि स्टीलच्या पातेल्यात दुसरी करा, घरच्यांना काहीतरी जेवायला लागेलच.

पाटा-वरवंट्यावर तीन वळसे पुरतात. पहिला जवळून, दुसरा बांगड्यांच्या आवाजासकट, तिसरा मंद गतीनं. त्यानंतर वाटण मिक्सरमधून काढा. पाट्याला कित्येक वर्षांत टाकी लावलेली नसेल, तर खोबरं वाटलं जाण्याऐवजी नुसतं सरकत राहतं. ते तीन वळशांत कुणाच्या ध्यानात येत नाही.

नथ घाला. ज्या बाईनं आयुष्यभर भाकऱ्या थापल्या तिनं नथ घालून कधी थापल्या नसतील, कारण भाकरीची वाफ थेट नाकावर येते आणि सोनं तापतं. तुम्ही सोसा.

६. पिठलं लांबवा

इथे जरा लक्ष द्या, सगळं अर्थकारण या पायरीत आहे. पिठलं झटपट होतं म्हणून तर ते पिठलं. पाहुणा अवेळी टपकला की करायची गोष्ट. पण यूट्यूबवर व्हिडिओ आठ मिनिटांहून छोटा असला तर मध्ये जाहिरात घालता येत नाही. २०२० पर्यंत ही मर्यादा १० मिनिटांची होती, म्हणजे त्या काळी पिठलं आणखी दोन मिनिटं रटरटत असे. तुमच्या पणजीला आचेचा अंदाज होता. तुम्हाला जाहिरातीचा हवा.

वेळ तीन ठिकाणी मिळतो. पहिलं ठिकाण म्हणजे सुरुवात. नमस्कार, स्वागत, कालच्या व्हिडिओला दिलेल्या प्रेमाबद्दल आभार, आज काय करणार ते, ते का करणार ते आणि शेवटपर्यंत नक्की बघा ही विनंती. यात दीड मिनिट जातं आणि गॅस अजून पेटलेला नसतो.

दुसरं ठिकाण भाषा. घरात आपण "बेसन घाल" म्हणतो. एवढ्यानं पोट भरणार नाही. "तर मंडळी, आता आपण यामध्ये साधारण एक वाटीभर बेसन जे आहे, ते छान असं ॲड करून घेणार आहोत" असं म्हणा. मग बेसन घाला. मग "तर आता आपण बेसन जे आहे, ते ॲड करून घेतलेलं आहे" असं म्हणा. हळद, तिखट, मीठ, कोथिंबीर प्रत्येकाला हीच वागणूक द्या. कुणावर अन्याय नको.

तिसरं ठिकाण आठवण. तेल तापत आलं की मे महिन्याची सुट्टी काढा: एस.टी., आजोळचा फाटा, ओसरीवरची पंगत. मध्येच तेलाला धूर सुटेल. आठवण तोडू नका. तेल दुसरं घेता येतं, बघणारा निघून गेला की परत येत नाही.

इतकं करून पिठल्यात गुठळ्या झाल्या तर त्याला 'आमच्याकडची पद्धत' म्हणा.

७. अनारसे: परीक्षेचा पेपर

दिवाळी तोंडावर आली की अनारसे करावेच लागतात, चॅनेलची पत त्यावर ठरते. खरी कृती अशी. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी उपसून सावलीत कापडावर पसरायचे आणि हाताला जेमतेम ओलसर लागताहेत तोवर कुटून चाळायचे. त्यात किसलेला गूळ मिसळायचा, तुपाचा हात लावून गोळे करायचे आणि डब्यात आठवडाभर मुरू द्यायचे. मग खसखशीवर थापायचा, खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तुपात सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवत राहायचं. एवढं सगळं करूनही तो तुपात पडल्या पडल्या विरघळून पसरू शकतो. त्याला बायका 'अनारसा हसला' म्हणतात. त्या वेळी स्वयंपाकघरात हसणारा तो एकटाच असतो.

यातला कॅमेऱ्याच्या उपयोगाचा भाग पाच सेकंदांचा आहे: तुपात जाळी पडते तो. बाकीचे दहा-अकरा दिवस 'तीन दिवसांनंतर' आणि 'आठ दिवसांनंतर' अशा दोन पाट्यांत उरकून टाका. बघणारीला वाटलं पाहिजे की आज संध्याकाळी ठरवलं तर उद्या फराळाच्या ताटात अनारसे.

मध्ये एक प्रसंग येईल, तिथे सावध राहा. घरातली जाणती बाई डबा उघडते, पिठाचा गोळा चिमटीत धरून दाबते, नाकाशी नेते आणि म्हणते, "अजून दोन दिवस राहू दे." कशावरून, असं विचारलंत तर तिला धड सांगता येत नाही. यंदा तांदूळ नवा आहे, गूळ ओलसर निघाला, थंडी अजून पडली नाही असं काहीतरी पुटपुटते आणि झाकण लावते. हा तुकडा निर्दयपणे काढून टाका. त्यात रंग नाही, चुरचुर आवाज नाही, मापात सांगण्यासारखं तर काहीच नाही. अनारशात शिकण्यासारखं तेवढंच होतं, हे आपल्या दोघांत राहू द्या.

हसलेल्या अनारशांचा घाणाही दाखवू नका. दाखवलात तर बघणारीला धीर येईल, तिचे दोन फसले तरी ती तिसरा घालेल, पिठात थोडी कोरडी तांदळाची पिठी मिसळून बघेल आणि तिला जमूनही जाईल. मग तुमचा पुढचा व्हिडिओ कोण बघणार? त्याचं नाव ठरलेलं आहे: 'अनारसे विरघळतात? तुम्ही ही १ चूक करताय!'

८. काळ ठरवा

पारंपरिक पदार्थाला वय लागतं. 'जुना' म्हटल्यानं भागत नाही. पेशवेकालीन, शिवकालीन, जमल्यास यादवकालीन म्हणा. फक्त एक खबरदारी घ्या, इतिहास वाचू नका. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला. त्याच्या आधी कुठल्याही मराठी आजीनं मिरची पाहिलेली नव्हती. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळात ठेचा नव्हता. पण 'यादवकालीन झणझणीत ठेचा' या नावाला काही तोड नाही, आणि ज्ञानेश्वरांच्या काळचं कोणी तक्रार करायला येणार नाही.

उपासाच्या पदार्थांशी तर फारच जपून. खिचडीतला साबुदाणा कसावाच्या कंदाचा, आणि कसावा मूळचा अमेरिका खंडातला. शेंगदाणा तिकडचा, बटाटा तिकडचा, मिरची तिकडची. बाजूला ठेवलेलं रताळंही तिकडचं आणि राजगिऱ्याची वडीसुद्धा मुळात तिकडचीच. तमिळनाडूत सेलमच्या आसपास साबुदाण्याचे कारखाने उभे राहिले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. एकादशीचं ताट असं सातासमुद्रांपलीकडून आलेलं, आणि हजारो वर्षं इथे पिकणारा तांदूळ मात्र बहुतेक घरांत उपासाला चालत नाही. हे व्हिडिओत बोललात तर भक्त आणि इतिहासकार दोघेही एकाच दिवशी सोडून जातील. 'पूर्वापार चालत आलेली मोकळी खिचडी' एवढंच म्हणा.

९. भांडण लावून द्या

उरलेले नऊशे तीस सबस्क्रायबर इथे मिळतात. पुरणपोळीला मैदा की कणीक, पुरणात जायफळ की वेलची, कटाच्या आमटीत खोबरं की नाही, वालाच्या बिरड्यात कांदा घालतात की पाप लागतं, यातल्या एका बाजूनं ठामपणे बोला आणि बाजूला व्हा. रात्रीतून जिल्ह्याजिल्ह्यांत जुंपते. तुम्ही दोन्हीकडच्यांना हात जोडलेलं चित्र पाठवा.

परदेशातून प्रश्न येतील. न्यू जर्सीत गोडा मसाला संपला, मेलबर्नमध्ये आमसुलं मिळत नाहीत. सगळ्यांना 'चालेल' म्हणा. गोड्या मसाल्याऐवजी गरम मसाला चालेल. आमसुलाऐवजी लिंबू चालेल. गुळाऐवजी ब्राउन शुगर चालेल. तुरीच्या डाळीऐवजी मसूर चालेल. इतकं चालवून जी आमटी होईल ती पणजीनं ओळखली नसती, पण पणजी सबस्क्रायबर नाही.

याच सुमारास चुलत नणंदेचा फोन येईल: "ती कोंबडीवड्यांची भाजणी आमच्या आईची होती, तिचं नाव का नाही घेतलंस?" ही पावती समजा, चॅनेल नातेवाइकांपर्यंत पोचलं. नाव घेऊ म्हणा. पुढच्या व्हिडिओत घ्या, शेवटच्या पाच सेकंदांत.

१०. घास घ्या

पदार्थ तयार झाल्यावर ताट वाढून, रांगोळी घालून, फोटो काढून होईपर्यंत तो थंडगार झालेला असतो. मोदकामागे केटल लपवून वाफ सोडा. घास तोंडात टाका, डोळे मिटा, मान हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या आणि "अप्रतिम" म्हणा. मीठ विसरलं असेल तर "अप्रतिम" जरा लांबवा. मुलांना घास भरवू नका. ती खरं बोलतात.

११. मसाला विका

चॅनेल रांगेला लागलं की कंपन्या येतील. दहा मिनिटं पाटा-वरवंट्याची थोरवी गाऊन अकराव्या मिनिटाला साडेसातशे वॅटच्या मिक्सरची शिफारस करताना जीभ अडखळते; आरशासमोर सराव करा. 'मसाला घरीच करावा' हे सूत्र असलेल्या व्हिडिओत पाकीटबंद मसाल्याची जाहिरात घेताना "वेळ नसेल तेव्हा" हे तीन शब्द कामाला येतात. जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या ॲस्की या संस्थेनं २०२१ मध्ये सांगितलं की पैसे घेऊन केलेली शिफारस बघणाऱ्याला तशी स्पष्ट दिसली पाहिजे. दाखवा. खसखशीएवढ्या अक्षरांत, पांढऱ्या भातावर पांढरी.

स्वतःचा मसाला काढायचा झाला तर अन्नसुरक्षा पाहणाऱ्या एफएसएसएआयची नोंदणी करावी लागते आणि पाकिटावर सगळे जिन्नस लिहावे लागतात. मग आजीनं तीस वर्षं जावांपासून लपवलेलं दगडफूल आणि नागकेशर छापील अक्षरांत सगळ्या जावांच्या हातात पडतं. पाकिटावर फोटो आजीचा असू द्या. विक्रीतलं काही तिला द्यायचं का, हा घरातला प्रश्न आहे. मार्गदर्शकानं त्यात पडू नये. तरी विचारताच आहात तर सांगते: द्या.

१२. भांड्यांचं आधी ठरवा

ही सूचना कुठल्याच व्हिडिओत नसते. हळद एका वाटीत, तिखट दुसऱ्या, जिरं तिसऱ्या, चिमूटभर हिंगाला वेगळी चिनी मातीची बशी, अशा मांडणीनं साध्या पिठल्याला पंधरा-वीस भांडी पडतात. त्यात कळकलेल्या आमटीचं पितळी पातेलं, आठवण सांगताना जळलेली कढई, तुपानं माखलेला झारा आणि तीन वळशांसाठी नारळानं बरबटलेला पाटा. घासायला येणाऱ्या मावशींना आदल्या दिवशी विचारा. त्या सुट्टी घेणार असतील तर चित्रीकरण पुढे ढकला आणि घरच्यांना मुगाची खिचडी करून घाला. कुकरमध्येच.